आधी कॉमिक, मग सिनेमा: जोडीजोडीने बघितलेल्या सिनेमांचा रिव्ह्यू

गेले काही महिने माझा एकच उद्योग चाललाय. कपाटातलं एक कॉमिक काढायचं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत परत वाचायचं आणि त्याच आठवड्यात त्याच्यावरून काढलेला सिनेमा बघायचा, मध्ये फार दिवस जाऊ द्यायचे नाहीत, म्हणजे चित्रं डोळ्यासमोर ताजी असतात. याचं कारण एका मित्राशी झालेला वाद. तो म्हणाला, तुम्ही कॉमिकवाले कशानेच खूश होत नाही, सिनेमा जसाच्या तसा केला तर म्हणता यात नवीन काय दिलं आणि बदलला तर म्हणता आमच्या पात्राची वाट लावली. मला ते लागलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. मग म्हटलं एकदा नीट बघूनच घेऊ की फॅन्स ज्या ज्या गोष्टींवरून भांडले त्यात ते खरंच कुठे बरोबर होते आणि कुठे उगाच ओरडत होते.

एवढं सगळं बघून माझं मत असं झालंय की फॅन्सचं सिनेमा यायच्या आधीचं मत आणि सिनेमा बघून झाल्यावरचं मत या दोन वेगळ्या गोष्टी धरायला पाहिजेत. आधीचं मत बहुतेक वेळा चेहरा, उंची, केस, कपडे यांच्यावर असतं आणि ते बऱ्याचदा चुकतं. बघून झाल्यावरचं मत मात्र पात्र आतून कसं आहे याच्यावर असतं आणि तिथे फॅन्सची नजर फार पक्की असते, कारण त्या माणसांनी ते पात्र वर्षानुवर्षं वाचलेलं असतं. आता एकेक जोडी घेतो, क्रम काही नाही, जशा आठवतील तशा.

चेहऱ्यापासून सुरू करू. टिम बर्टनच्या १९८९ च्या बॅटमॅनसाठी मायकल कीटनचं नाव जाहीर झालं तेव्हा फॅन्सनी स्टुडिओला हजारो पत्रं पाठवली होती, ईमेल घरोघरी नव्हतेच तेव्हा, माणसं बसून कागदावर लिहीत होती की हा विनोदी कामं करणारा नट आम्हाला चालणार नाही. मी तो सिनेमा आता परत बघितला. कीटन ब्रूस वेनच्या घरातल्या सीनमध्ये ज्या पद्धतीने कुठेतरी हरवल्यासारखा वावरतो ना, त्यातच सगळं येतं, हा माणूस दिवसा स्वतःच्या घरात पाहुणा आहे आणि रात्री सूट घातल्यावरच जागा होतो. आज त्याच कीटनला लोक आवडता बॅटमॅन म्हणतात. सिनेमा म्हणून थोडा विस्कळीत आहे, जोकरला जास्त जागा मिळते, पण पाचपैकी साडेतीन नक्की.

द डार्क नाइटमध्ये जोकर केलेल्या हीथ लेजरचं तेच. २००६ मध्ये नाव आलं तेव्हा काय काय बोलले लोक, की हा देखणा पोरगा, रोमँटिक सिनेमांतला, हा काय जोकर करणार. २००८ च्या जानेवारीत तो गेला, त्याच वर्षी जुलैमध्ये सिनेमा आला आणि पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. मीसुद्धा त्या आधी नावं ठेवणाऱ्यांपैकीच होतो आणि सिनेमा संपला तेव्हा मला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली होती, ती अजून वाटते. कॉमिकमधला जोकर रसायनात पडून पांढरा झालेला असतो, इथे तो रंग फासतो, म्हणजे फॅन्सच्या यादीतला मोठा बदल. पण त्याला जोकरबद्दलची मुख्य गोष्ट कळली होती, की त्याचा भूतकाळ कुणालाच धड माहीत नसतो. तोंडावरच्या जखमांची गोष्ट तो प्रत्येक वेळी वेगळी सांगतो, आणि हे थेट कॉमिकच्या आत्म्यातून आलेलं आहे. यावर परत वेगळा रिव्ह्यू काय लिहायचा, पाचपैकी पाच.

ह्यू जॅकमनवरचा आक्षेप तर निव्वळ मापाचा होता. कॉमिकमधला वुल्वरिन पाच फूट तीन इंच, बुटका, केसाळ, अंगाने पेटीसारखा, आणि जॅकमन सहा फुटांच्या वर. हा आक्षेप मला पूर्ण फालतू वाटत नाही हां, कारण बुटकेपणा हा त्या पात्राच्या रागाचा भाग आहे, सगळे त्याच्याकडे वरून बघतात आणि तो खालून गुरगुरतो. पण २००० च्या एक्स-मेनपासून २०१७ च्या लोगनपर्यंत जॅकमनने तो राग दुसऱ्या वाटेने आणला, थकव्याच्या वाटेने. कपड्यांचंही बघा, त्या पहिल्या सिनेमात सगळ्यांना काळं लेदर घातलं आणि वर पिवळ्या कपड्यांची टिंगल करणारा एक डायलॉग टाकला, फॅन्सना तो चांगलाच झोंबला. शेवटी २०२४ मध्ये जॅकमनच्या अंगावर पिवळा सूट चढला आणि काही बिघडलं नाही, उलट छान दिसला. म्हणजे चोवीस वर्षं तो रंग उगाचच टाळला.

लोगनची जोडी वाचताना एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. ज्या कॉमिकवरून त्याची प्रेरणा घेतलीय त्यात म्हातारा लोगन, म्हणजे वुल्वरिनच, पन्नास वर्षं पंजे बाहेर काढत नाही, कारण त्याला फसवून त्याच्या हातूनच त्याच्या साथीदारांना मारवलेलं असतं. सिनेमात हे ओझं लोगनच्या खांद्यावरून काढून एक्स-मेनचा गुरू चार्ल्स झेवियर याच्यावर टाकलंय, म्हाताऱ्या प्रोफेसरला झटके येतात आणि अशाच एका झटक्यात काय झालं याचा फक्त इशारा मिळतो, आणि लोगन ती गोष्ट त्या म्हाताऱ्यापासून लपवत त्याला औषधं देत, उचलून बाथरूमला नेत जगतोय. केवढा मोठा बदल आहे हा, कॉमिकमधले किती प्रसंग आणि किती खलनायक गाळलेत, तरी मला एकही फॅन असा भेटला नाही जो म्हणाला की कॉमिकशी बेइमानी केली. कारण अपराधी भावना तीच राहिली, फक्त ती वाहणारा माणूस बदलला. पाचपैकी पाच, आणि शेवटचा तो क्रॉस तिरका करून एक्स करायचा सीन मी अजून कोरड्या डोळ्यांनी बघू शकलेलो नाही.

आता फॅन्स जिथे शंभर टक्के बरोबर होते तिथे येतो. गॅलॅक्टस. १९६६ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी फँटास्टिक फोरच्या तीन अंकांत हे पात्र आणलं, ग्रह खाणारा, इमारतींपेक्षा उंच, डोक्यावर जांभळं शिंगांचं शिरस्त्राण, आणि मुख्य म्हणजे तो दुष्ट नाहीये, त्याला भूक लागलीय एवढंच. त्याच्याकडे बघताना आपण मुंगी आहोत असं वाटलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याला चेहरा पाहिजे, कारण समोरच्याला चेहरा असून तो आपली दखल घेत नाही यात भीती आहे. २००७ च्या सिनेमात काय केलं तर त्याचा ढग केला. धुळीचा एक मोठा ढग. बहुतेक विचार असा झाला असेल की जांभळ्या शिरस्त्राणाचा राक्षस पडद्यावर लोकांना हसवेल. पण ढग म्हणजे वादळ झालं, वादळाशी कुणी बोलू शकत नाही, त्यामुळे सिल्व्हर सर्फरचा जो निर्णय कॉमिकमध्ये अंगावर येतो, मालकाविरुद्ध उभं राहण्याचा, तो सिनेमात कुणाविरुद्ध आहे तेच कळत नाही. परत बघितला, अजिबात सुधारला नाहीये, पाचपैकी दीड.

आणि २०२५ मध्ये तेच पात्र परत आलं, या वेळी चेहऱ्यासकट, शिरस्त्राणासकट, शहराच्या रस्त्यातून चालत, राल्फ इनेसनच्या त्या खोल आवाजात. कोणी हसलं नाही. गंमत म्हणजे या सिनेमाच्या आधी फॅन्सनी आरडाओरडा केला होता तो सिल्व्हर सर्फर बाई का केली यावरून, खरं तर ती शाल्ला-बाल, ती कॉमिकमध्ये आहेच, मूळ सर्फरची प्रेयसी. बघून झाल्यावर तो मुद्दा बाजूला पडला आणि सगळे गॅलॅक्टसबद्दल बोलायला लागले. मी म्हणतोय तो फरक इथे एकाच सिनेमात दिसतो. पाचपैकी चार, मधला भाग जरा रेंगाळतो म्हणून एक कापला.

डेडपूलचं फार लांबवत नाही कारण सगळ्यांना माहितीये. १९९१ पासून ज्या पात्राची ओळखच अखंड बडबड ही आहे, त्याचं तोंड २००९ च्या वुल्वरिनच्या सिनेमात शिवून टाकलं. अक्षरशः शिवून. याच्यापेक्षा मोठी चूक कशी करता येईल मला अजून सुचलेलं नाही. २०१४ मध्ये एक टेस्ट फुटेज बाहेर फुटलं, फॅन्स वेडे झाले, आणि २०१६ मध्ये त्याच रायन रेनल्ड्सला घेऊन बरोबर सिनेमा आला. नट तोच, चेहरा तोच, दोन्ही वेळा! म्हणजे चेहऱ्याचा प्रश्न कधी नव्हताच.

आता ज्या जोडीसाठी मी हे लिहायला बसलो ती. जज ड्रेड. हे ब्रिटिश कॉमिक, १९७७ पासून चालू, जॉन वॅगनर आणि कार्लोस एझकेरा यांचं. भविष्यातलं मेगा-सिटी वन नावाचं अफाट शहर, गुन्हे इतके की पोलीस, न्यायाधीश आणि फाशी देणारा हे तिन्ही एकाच माणसात घातलेत. ड्रेड हा त्यातला सगळ्यात कडक. आणि कॉमिकमध्ये त्याचा चेहरा दाखवत नाहीत. हेल्मेट, त्याच्याखाली ओठ आणि ती दगडासारखी हनुवटी, बस. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांना वाटतं की ही एक स्टाईल आहे. पण त्याचा अर्थ आहे, कायद्याला चेहरा नसतो, हा माणूस कायदाच झालाय, त्याच्याकडे दयामाया मागायला गेलात तर तुम्हाला तुमचंच प्रतिबिंब त्या काचेत दिसेल.

१९९५ च्या सिनेमात सिल्व्हेस्टर स्टॅलोन आहे आणि थोड्याच वेळात हेल्मेट निघतं आणि मग जवळजवळ पूर्ण सिनेमा तो उघड्या चेहऱ्याने फिरतो. समजू शकतो, एवढा मोठा स्टार घेतला तर चेहरा दाखवावासा वाटणारच. पण हेल्मेट काढल्याबरोबर तो एक नेहमीचा हिरो झाला, ज्याच्यावर खोटा आळ आलाय आणि तो निर्दोष असल्याचं सिद्ध करतोय, अशा शंभर गोष्टी आपण बघितल्यात. एक मात्र मान्य करतो, ते शहर, त्या गाड्या, मीन मशीन नावाचा खलनायक, तो मोठा रोबोट, ही सजावट त्या सिनेमात कॉमिकच्या जास्त जवळ आहे. यावर जुने वाचक अजून भांडतात आणि त्यांचं बरोबरच आहे, सेट बघायला मजा येते. पाचपैकी दोन, दोन्ही सेटचे.

२०१२ चा ड्रेड. कार्ल अर्बन. ॲलेक्स गारलंडची पटकथा. हा माणूस पूर्ण सिनेमात एकदासुद्धा हेल्मेट काढत नाही. कथा म्हणाल तर एक दिवस, एक दोनशे मजली इमारत, दारं बंद, वर ड्रग्जचा धंदा चालवणारी मा-मा, आणि ड्रेडच्या बरोबर अँडरसन नावाची शिकाऊ जज, जिचा आज निकाल लागायचाय. एवढंच. जग वाचवायचं नाही, आभाळात निळा झोत नाही, शेवटी काही बदलतही नाही, आणि ड्रेडसाठी तो दिवस बहुतेक रोजच्यासारखाच दिवस आहे. हीच कॉमिकची चाल आहे! साप्ताहिक अंकातली एक छोटी गोष्ट वाचल्यासारखं वाटतं.

आणि अर्बनचा अभिनय नीट बघा. डोळे नाहीत, भुवया नाहीत, कपाळ नाही. त्याच्याकडे आहे फक्त तोंडाची एक रेघ, हनुवटी, मान आणि आवाज. एका ठिकाणी अँडरसन निर्णय घेते आणि ड्रेडला तो पटतोय की नाही हे त्याच्या मान वळवण्याच्या वेळेवरून कळतं, किंचित उशिरा वळवतो, तेवढंच. अँडरसनने हेल्मेट घातलेलं नाही, कारण तिला दुसऱ्याचं मन वाचता येतं आणि हेल्मेट त्यात आडवं येतं, म्हणजे लेखकाने चेहऱ्याची सोय तिच्याकडून करून घेतली, भावना ती दाखवते आणि ड्रेड दगड राहतो. मला ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते, प्रेक्षकाला चेहरा लागतो हे खरंय, पण तो हिरोचाच लागतो असं नाही.

स्लो-मो नावाचं ड्रग आहे सिनेमात, घेतलं की मेंदूला वेळ एक टक्का वेगाने चालल्यासारखी वाटते. त्यामुळे स्लो मोशन नुसतं दिखाऊ न राहता कथेचा भाग होतं, पाण्याचे थेंब, काचांचे तुकडे, एका बाजूला सुंदर आणि दुसऱ्या बाजूला भयानक, कारण माणूस दोनशे मजल्यांवरून पडतोय आणि ते पडणं त्याच्यासाठी संपतच नाहीये. फॅन्सची एक तक्रार मला मान्य आहे, की कॉमिकमधली विचित्र, बोचरी विनोदबुद्धी यात कमी आहे, मेगा-सिटी वनमधली वेडी माणसं दिसत नाहीत, सगळं करडं आहे. बजेटचाही प्रश्न असेल. पण गाभा जपलाय. थिएटरमध्ये हा सिनेमा पडला आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, नंतर घरोघरी बघून फॅन्सनी तो डोक्यावर घेतला, सिक्वेलसाठी सह्यांची मोहीम केली, सिक्वेल काही आला नाही. पाचपैकी पाच आणि शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर, चांगल्या आवाजात बघा.

फिनिक्स. ही जोडी मला सगळ्यात जास्त त्रास देऊन गेली. १९८० सालची ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांची डार्क फिनिक्सची गोष्ट, एक्स-मेन वाचणाऱ्या कुणालाही विचारा, जीन ग्रे शेवटी जे करते ते वाचून पुस्तक मांडीवर तसंच राहतं. आणि हिच्यावरून दोनदा सिनेमा केला, २००६ मध्ये आणि २०१९ मध्ये, दोन्ही वेळा पटकथेत सायमन किनबर्ग होता, दुसऱ्या वेळी तर दिग्दर्शनही त्याचंच, आणि दोन्ही वेळा फॅन्स नाराज. पहिल्यात म्युटंटांवरच्या, म्हणजे जन्मतः खास शक्ती असलेल्या माणसांवरच्या, औषधाची दुसरीच एक कथा घुसवली आणि जीन बिचारी अर्धा सिनेमा गप्प उभी. ठीक आहे, ते कळलं. पण दुसऱ्यात तर पूर्ण सिनेमाच तिच्यावर होता, तरी का नाही पोचला?

मी याच्यावर बराच विचार केला आणि मला वाटतंय की उत्तर वेळेत आहे. कॉमिकमध्ये जीन १९७६ मध्ये फिनिक्स झाली आणि गोष्ट संपली १९८० मध्ये. चार वर्षं दर अंकाला वाचक तिच्याबरोबर होते, तिची ताकद वाढताना, तिला ती आवडायला लागताना, प्रियकर स्कॉटबरोबरचं तिचं बोलणं, सगळं हळूहळू. त्याआधीची कित्येक वर्षं वेगळीच. मग ती गेल्यावर आपलं कुणीतरी गेल्यासारखं वाटतं. २०१९ च्या सिनेमात सोफी टर्नरची जीन ही आधीच्या फक्त एका सिनेमात दिसलेली मुलगी आहे, आपण तिला ओळखतच नाही, तिने काम वाईट केलं असं मी अजिबात म्हणणार नाही. प्रसंग कॉमिकमधले आणले पण त्यामागची वर्षं आणता आली नाहीत. दोन्हींना पाचपैकी दोन.

आणि याच कारणामुळे एंडगेम चालला. २००८ च्या आयर्न मॅनपासून २०१९ पर्यंत अकरा वर्षं, मार्व्हलचे बावीस सिनेमे, मधले कित्येक साधारणच होते, पण टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, आपण अकरा वर्षं चुकताना आणि सावरताना बघितलेलं आहे, कॉमिकच्या मासिक अंकांसारखंच. म्हणून शेवटी ती चुटकी वाजते तेव्हा पूर्ण थिएटर गप्प. त्यातला खलनायक थॅनोस, त्याच्याबद्दल मात्र माझं रडगाणं आहेच, १९९१ च्या कॉमिकमध्ये तो अर्धं विश्व मारतो कारण त्याला मृत्यूवर प्रेम जडलंय, मृत्यू तिथे एक बाई म्हणून उभी असते आणि ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. सिनेमात त्याला लोकसंख्येचं गणित दिलं. गणित लगेच पटतं, पण ते वेडं एकतर्फी प्रेम जास्त भीतीदायक होतं.

एक ठिकाण असंही आहे जिथे मी बघून झालेल्या फॅन्सच्याही विरुद्ध आहे आणि ते सांगितलं पाहिजे, नाहीतर माझं मत फार सोयीचं होईल. आयर्न मॅन ३ मधला मँडरिन. २०१३ मध्ये तो खलनायक खरं तर भाड्याने आणलेला नट निघतो हे कळल्यावर लोक प्रचंड चिडले, अजून चिडलेले आहेत. मी १९६० च्या दशकातले त्याचे अंक परत वाचले. त्यात चिनी माणसाचं जे चित्र काढलंय ते आज वाचताना अवघडायला होतं. भीती दाखवण्यासाठी कुणीतरी असा परका राक्षस तयार करतं, हेच सिनेमाने उघड करून दाखवलं, आणि बेन किंग्जली त्यात किती मोकळेपणाने काम करतो. पुढे २०२१ च्या शांग-ची सिनेमात टोनी लियुंगने केलेला खरा मँडरिन, म्हणजे हिरोचा बाप, बघितल्यावर चिडलेल्यांची थोडी भरपाई झाली असावी.

वॉचमेनबद्दल दोन शब्दांत संपणार नाही. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे १९८६-८७ चे बारा अंक, आणि झॅक स्नायडरचा २००९ चा सिनेमा, ज्याच्यावर मूरने स्वतःचं नाव लावू दिलं नाही. फॅन्सची सगळी भांडणं शेवटावर झाली, कॉमिकमध्ये तो अजस्र ऑक्टोपससारखा प्राणी येतो आणि सिनेमात त्याऐवजी विध्वंसाचा आळ डॉक्टर मॅनहॅटन या महाशक्तिमान पात्रावर घातला. मला तो बदल चालला, तर्काने बघितलं तर नीट बसतो. माझा त्रास वेगळाच आहे आणि तो लय बिघडण्याचा आहे. पानावर बहुतेक ठिकाणी नऊ सारखे चौकोन आहेत, घड्याळाच्या टिकटिकीसारखे, मारामारीसुद्धा त्याच चौकोनांत बसते, त्यामुळे ती लहान, कुरूप आणि दुःखी वाटते, वयस्कर माणसं जुने कपडे घालून एकमेकांची हाडं मोडतायत. सिनेमात तीच मारामारी स्लो मोशनमध्ये, चकचकीत, टाळ्या घेणारी. फ्रेम कॉमिकमधून उचललीय पण अर्थ उलटा झाला. जसंच्या तसं म्हणजे इमानदार असं नसतं हे मला या जोडीने शिकवलं. तरी मंगळावरचा डॉक्टर मॅनहॅटनचा भाग, सगळा काळ एकाच वेळी बघणारा तो निळा माणूस, फिलिप ग्लासचं संगीत, तेवढा भाग मी कधीही परत बघेन. पाचपैकी तीन.

त्याच्या उलट सिन सिटी, २००५. रॉबर्ट रॉड्रिगेझने मूळ कॉमिक काढणाऱ्या फ्रँक मिलरला सहदिग्दर्शक म्हणून नाव मिळावं म्हणून दिग्दर्शकांच्या संघटनेतून राजीनामा दिला होता, एवढा आदर. आणि पॅनल जवळजवळ तसेच पडद्यावर, काळंपांढरं आणि मध्येच एखादा लाल ड्रेस किंवा पिवळा चेहरा. इथे हे चाललं कारण मूळ कॉमिकच दिखाऊ आहे, त्याला दिखाऊपणा शोभतो. एकदा बघायला जबरदस्त, दुसऱ्यांदा थोडा कंटाळा आला.

स्पायडर-व्हर्स, २०१८. हा मी जोडीत बघितला नाही, तीनदा बघितला. माइल्स मोरालेस, म्हणजे नवा पोरगा स्पायडर-मॅन, हे पात्र २०११ मधलं, तेव्हाही आधीची ओरड झालीच होती, परत तीच चेहऱ्याची. पण या लोकांनी जे केलं ते कुणी केलं नव्हतं, त्यांनी कथेइतकीच छपाईही पडद्यावर आणली. जुन्या कॉमिकमध्ये रंग ठिपक्यांनी छापायचे, ते ठिपके इथे गालांवर दिसतात. छापताना रंग थोडा सरकायचा, तसा तो लांबच्या वस्तूंवर सरकवलाय, कॅमेऱ्यासारखं धूसर करण्याऐवजी. कोळी चावल्यावर माइल्सचे विचार चौकटीत छापून यायला लागतात, आणि मोठ्या यंत्रातून जी ऊर्जा फुटते तिच्यात जॅक कर्बीचे ते काळे गोल बुडबुडे आहेत. सुरुवातीला माइल्सची हालचाल सेकंदाला बारा चित्रांची आणि जुन्या स्पायडर-मॅनची, पीटरची, चोवीस, म्हणून पोरगा अडखळतोय असं आपल्याला कारण न कळता जाणवतं. आणि मग तो उडी मारतो, कॅमेरा उलटा, तो पडतोय पण वर चाललाय असं दिसतं. मी त्या एका फ्रेमवर थांबून किती वेळ बसलो होतो सांगता येत नाही. पाचपैकी पाच. २०२३ चा दुसरा भाग दिसायला याहूनही भारी, पण मध्येच तुटतो, आणि त्यावर चिडलेल्यांना मी काही बोलणार नाही, मीही चिडलोय.

जस्टिस लीगचा स्नायडर कट, म्हणजे दिग्दर्शक झॅक स्नायडरला हवी होती ती आवृत्ती, यायला फॅन्सची मोहीमच कारणीभूत. २०१७ चा सिनेमा, ज्यात सुपरमॅनच्या मिशा संगणकाने पुसल्या होत्या आणि ओठ विचित्र दिसत होते, तो कुणालाच पटला नव्हता. त्या मोहिमेतल्या लोकांनी आत्महत्या रोखण्याच्या कामासाठी पैसे जमवले हे फार चांगलं केलं, आणि काहींनी लोकांना शिव्या घालून त्रास दिला हे अतिशय वाईट केलं, दोन्ही खरंय. २०२१ मध्ये चार तासांचा सिनेमा आला. लांब आहे, पण सायबॉर्गला त्याची गोष्ट परत मिळाली, आधीच्यात त्याला जवळजवळ पुसलाच होता. त्या एका पात्रासाठी साडेतीन.

आणि कृपा करून कॉमिक म्हणजे फक्त केप घातलेली माणसं असं समजू नका. मार्जान सत्रापीने स्वतःच्याच कॉमिकवरून सहदिग्दर्शित केलेला पर्सेपोलिस, २००७, तिच्या रेघेचा काळेपणा पडद्यावर हलताना बघा. अमेरिकन स्प्लेंडर, २००३, ज्यात पॉल जियामाटी हार्वे पेकरचं काम करतो आणि खरा पेकरही मध्ये येऊन बसतो. ओल्डबॉय जपानी मांगावरून आहे हे कितीतरी लोकांना माहीतच नसतं. यांच्यावर फॅन्स भांडत नाहीत म्हणून यांच्याबद्दल कमी बोललं जातं, हे मला खटकतं.

शेवटची जोडी सुपरमॅनची ठेवली होती. १९७८ चा क्रिस्टोफर रीव्हचा सिनेमा, त्यात तो एका लहान मुलीचं झाडावर अडकलेलं मांजर खाली काढून देतो. २०१३ च्या मॅन ऑफ स्टीलमध्ये अर्धं शहर कोसळतं आणि शेवटी तो खलनायक झॉडची मान मोडतो, त्यावर आजपर्यंत वाद चालू आहेत. मारलं यापेक्षाही मला सलतं ते हे की त्या इमारतींत माणसं आहेत याची त्याला आठवण फार उशिरा होते. २०२५ चा सिनेमा यायच्या आधी सगळी चर्चा लाल चड्डी परत आणली यावर, आणली ते बरं की वाईट, किती पानं भरली असतील. मी गेलो बघायला. एवढा मोठा राक्षस शहरात धुमाकूळ घालतोय, इमारती हलतायत, आणि हा माणूस लढता लढता झेपावतो आणि एका खारीला उचलून बाजूला नेऊन ठेवतो. माझ्या शेजारी बसलेला मित्र, तोच ज्याच्याशी वाद झाला होता, ज्याने आयुष्यात एक कॉमिक वाचलेलं नाही, तो माझ्याकडे वळून म्हणाला, कॉमिकमध्ये हा असाच आहे का? मी म्हटलं हो, असाच आहे. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडून तीन पुस्तकं घेऊन गेला, अजून परत केलेली नाहीत. पाचपैकी साडेचार.